हॅलो नाशिक, सांगली बोलतेय

नाशिकला जाऊन आलं की आमच्या सांगलीत पहिला प्रश्न येतो, "त्र्यंबकेश्वर केलंत?" मी दोनदा गेले, मिळून पाच महिने तिथं राहिले, आणि त्र्यंबकेश्वर केलं नाही. पंचवटीत राहून काळारामालाही एकदाच गेले. तेही देवळाबाहेरून चपला चोरीला गेल्या म्हणून लक्षात राहिलं. तेव्हा या लेखात देवळं फारशी नाहीत. एका बाईला भेटायला मी गेले होते, तिची ही हकिगत आहे, आणि थोडी माझी.

मी टेलिफोन खात्यात नोकरीला. एकतिसाव्या वर्षी ट्रंक बोर्डावर बसले. ज्यांनी ट्रंक कॉलचे दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे नोंदवायला लागायचा. मग कानाला हेडफोन लावून आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची, तिनं तिच्याकडचा नंबर जोडायचा, आणि दोन माणसं तीन मिनिटं बोलायची. आम्ही ऑपरेटर एकमेकींना नावानं नाही, गावानं हाक मारायचो. "हॅलो पुणे", "बोल कोल्हापूर". द्राक्षाच्या आणि बेदाण्याच्या व्यापारामुळे सांगली-नाशिक लाइन कायम गरम असायची. दुपारी दोनच्या पुढे जरा शांतता झाली की नाशिककडून एक जाडसर, घोगरा आवाज यायचा, "काय गं सांगली, जेवलीस का?"

ती निर्मला. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अठरा वर्षं आम्ही बोललो आणि एकदाही भेटलो नाही. तिचे 'हे' सातपूरला कारखान्यात होते. तिची दुसऱ्या पाळीची ड्यूटी असली की ते भांडी घासून ठेवायचे, हे ऐकून आमच्या बोर्डावरच्या सगळ्याजणी सुस्कारा टाकायच्या. मुलगा मिलिंद, मुलगी पिंकी. मिलिंदला कावीळ झाली तेव्हा मी पंधरा दिवस रोज विचारत होते. त्याच्यासाठी दर चार-पाच वर्षांनी एक स्वेटर विणून पाठवायची, माप तिनं फोनवर सांगायचं.

माझं लग्न झालं नाही. आईचं दुखणं आणि माझी नोकरी यांत वर्षं गेली. आई गेली ती श्रावणात. भावानं पुण्याहून येऊन सगळं केलं आणि जाताना म्हणाला, "ताई, आता तू मोकळी झालीस." मोकळी म्हणजे काय ते मला भाद्रपदात कळलं. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की सोमवार सकाळपर्यंत माझ्या तोंडून एक शब्द बाहेर पडायचा नाही. सोमवारचा पहिला 'हॅलो' खरखरत यायचा, गंजलेल्या नळाच्या पहिल्या पाण्यासारखा. तोवर गल्लोगल्ली एसटीडी बूथ झाले होते, आमचे बोर्ड बंद होऊन मला तक्रार विभागात बसवलं होतं. निर्मलाचा आवाजही महिन्यातून एकदा, बूथच्या काचेआडून, मीटरकडे बघत ऐकायचा.

दिवाळीनंतर मी तिला पत्र टाकलं, चार दिवस येऊ का म्हणून. उत्तर आलं, "आत्ता नको. हे बाहेरगावी आहेत, मिलिंदची परीक्षा आहे. उन्हाळ्यात ये." पण माझी रजा मंजूर झालेली होती आणि त्या घरात आणखी एक रविवार काढायचं माझ्यात बळ नव्हतं. मी ठरवलं, तिच्याकडे उतरायचंच नाही. लॉजवर राहू, तासभर भेटू, मुलांना बघू आणि परत येऊ. अठरा वर्षं ज्या घराच्या कडेनं आपण जगलो ते घर एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच.

शनिवार, नाशिक

डिसेंबरातली नाशिकची थंडी सांगलीकराला झेपत नाही. स्टँडवर उतरले तेव्हा बोटं इतकी आखडली होती की बॅगेची मूठ सुटेना. चहाच्या गाडीवर मिसळ मागितली. आमच्याकडे भडंग जसा हाताला लागेल तिथं मिळतो तशी इथं मिसळ. रस्सा काळपट, वर पापड, आणि पावाला भरपूर तिखट लावून खाणारी माणसं शांतपणे पेपर वाचत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं गाडीवाल्यानं न विचारता दही पुढं सरकवलं.

पहिल्या लॉजच्या काउंटरवरच्या माणसानं माझ्या मागं पाहिलं. "सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"एकट्या लेडीजला रूम देत नाही आम्ही."

मी खात्याचं ओळखपत्र काढलं. त्यानं ते वाचलं, फोटो माझ्याशी ताडून पाहिला आणि अगदी नम्रपणे परत दिलं. "मॅडम, तुमचं खरं आहे. पण नियम आहे." दुसऱ्या लॉजवर हेच. पंचवटीतल्या एका धर्मशाळेतले म्हातारे म्हणाले, "फॅमिली असेल तर या." पन्नाशीला टेकलेली, केस पांढरे झालेली बाई, सरकारी नोकर, आणि भरदिवसा मला झोपायला जागा देण्यात काय धोका होता, ते मला आजवर उमगलेलं नाही.

शेवटी बॅग घेऊन तशीच एक्स्चेंजमध्ये गेले. निर्मलाचा घरचा पत्ता माझ्याकडे नव्हताच. पत्रं, पार्सलं सगळी ऑफिसच्या पत्त्यावर जायची. घरी दिवसा कोणी नसतं, असं ती सांगायची. तिथल्या सुपरवायझरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "निर्मलाताई रजेवर आहेत. तब्येतीचं काहीतरी आहे."

"घरी मिस्टर असतील ना? पत्ता मिळेल का?"

"कुणाचे मिस्टर?"

"निर्मलाचे."

"अहो, त्या एकट्या राहतात. लग्न कुठं झालंय त्यांचं? तुम्ही नक्की कोणत्या निर्मला म्हणताय?"

"ट्रंकवरच्या. आवाज जरा जाड आहे."

"मग त्याच," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला.

पंचवटीतली खोली

नदीपासून दोन गल्ल्या आत एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ती खोली होती. दार उघडंच होतं. एक बाई भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कोण पाहिजे?"

आवाज तोच होता. बाकी काहीच तसं नव्हतं. माझ्या मनातली निर्मला उंच, भरल्या अंगाची, मोठ्या कुंकवाची. ही माझ्या खांद्याला लागेल एवढी, हाताच्या काड्या झालेल्या आणि पोट मात्र पातळाखाली वर आलेलं. मी म्हटलं, "हॅलो नाशिक, सांगली बोलतेय."

सूप तिच्या हातातून कललं. तांदूळ फरशीवर पसरले. कितीतरी वेळ ती ते गोळा करत राहिली, माझ्याकडे न बघता. मग म्हणाली, "पत्ता कुणी दिला?"

"एक्स्चेंजमध्ये."

"मग सगळंच सांगितलं असेल."

खोलीत एक लोखंडी कॉट, स्टोव्ह, एक ट्रंक, रेडिओ, दोरीवर दोन पातळं. कोपऱ्यात भरून ठेवलेली एक पिशवी. तिनं चहा ठेवला. तो होईपर्यंत मी हजेरी घेतल्यासारखं विचारलं.

"मिलिंद?"

"नाही."

"पिंकी?"

"नाही."

"आणि 'हे'?"

तिनं नुसती मान हलवली.

"मी स्वेटर पाठवले होते, निर्मला."

तिनं ट्रंक ओढून उघडली. चार स्वेटर. एकाहून एक मोठे, घडी न मोडलेले, मधेमधे डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या. सगळ्यात लहान पिवळा. त्याची बटणं मी मिरजेला तीन दुकानं फिरून आणली होती.

माझा तोल गेला. मला काय झोंबलं ते सांगायला हवं. मी पस्तिशीची असताना मिरजेच्या एका शिक्षकांचं स्थळ आलं होतं. विधुर होते, बोलायला साधे, चहा बशीत ओतून प्यायचे. आई म्हणत होती, कर. मी चार दिवस विचार केला आणि नाही म्हणाले. कारण त्या चार दिवसांत प्रत्येक वेळी मी त्यांना निर्मलाच्या 'ह्यां'च्या शेजारी उभं केलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते मला फिके वाटले होते.

हे सगळं मी तिला ऐकवलं. शेवटी म्हणाले, "नसलेल्या माणसापुढं मी असलेल्या माणसाला नापास केलं, आणि तू मला एका शब्दानं थांबवलं नाहीस." ती चहा गाळत होती. गाळणं तसंच हातात धरून राहिली. तिनं माफी मागितली नाही. मागितली असती तर मी आणखी बोलले असते. मी तिथून उठून निघाले.

नदीकाठच्या भाजीबाजारात जाऊन बसले. समोर मेथीच्या जुड्यांचा ढीग, हिरवे वाटाणे, बायका पाणी शिंपडत होत्या. गोदावरीला पाणी थोडंच होतं. आमची कृष्णा रुंद, गप्प. ही दगडांतून वाट काढत, माणसांच्या गर्दीतून जाणारी. एका भाजीवालीनं विचारलं, "काय घेता ताई?" मी म्हटलं, काही नाही. "मग जरा सरका की, गिऱ्हाईक आडतंय." मी सरकले. आणखी थोडं सरकले. असं सरकत सरकत बाजार संपला. तेव्हा आठवलं, बॅग तिच्याच खोलीत राहिली.

मी परत गेले ती मायेनं नाही, बॅगेसाठी. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं लोकांनी मला फार चांगली ठरवलं.

दोन ताटं वाढलेली होती. बाजरीची भाकरी, वाटाण्याची उसळ. मी उभीच होते. ती म्हणाली, "सोमवारी दवाखान्यात ॲडमिट व्हायचंय. पोटात गाठ आहे. नातेवाइकाची सही लागते म्हणाले. कुणाला आणू, या विचारात दोनदा तारीख पुढं ढकलली."

मी विचारलं, "तुझे भाऊ-बहीण?"

"भाऊ गुजरातेत आहे. तीन पत्रं टाकली." तिनं पाटाकडे हात केला. "राग असू दे. भाकरी निवेल."

लॉज तर मला कुणी देणार नव्हतं. मी बसले.

रविवार, पेठचा रस्ता

सकाळी ती म्हणाली, "उद्यापासून काय होईल माहीत नाही. आज एके ठिकाणी जाऊन येऊ." पेठच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. शहर संपलं, द्राक्षाचे मांडव लागले, मग तेही संपले आणि भाताची कापून झालेली खाचरं सुरू झाली. पिवळी, टोकदार, उजाड. घाट लागला तसे डोंगर जवळ आले. आमच्याकडे अशी झाडी बघायची तर दूर कोयनेकडे जावं लागतं. खिडकीतून गार वारा येत होता आणि ती, न विचारता, बाहेर बघत बोलायला लागली.

"पहिल्या आठवड्यात तू विचारलंस, 'घरी सगळे कसे आहेत?' नवीन होतीस, सगळ्यांनाच विचारत असशील. मी म्हटलं, बरे आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंस. वत्सू, मला दुसरं कुणी हा प्रश्न विचारतच नव्हतं. उत्तर द्यायला घर लागलं."

"आणि ती कावीळ? परीक्षा? भांडी घासणं?"

"लाइनवर ऐकलेलं. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधून एक बाई सातपूरच्या कारखान्यात नवऱ्याला फोन करायची. तो इथं खोली घेऊन राहायचा, शनिवारी घरी जायचा. कॉल जोडला की आपण कान काढून घ्यायचा असतो. मी नाही काढला. दहा वर्षं त्यांचं सगळं मला माहीत होतं. मग त्यांच्याकडे एसटीडी आला आणि मला काही कळेनासं झालं. पुढचं मी माझ्या मनानं रचलं. तिथून पुढे ते दोघं जास्त सुखी झाले."

कान मीही कधीकधी लावून ठेवत असे. बोर्डावरची एकही बाई शपथेवर नाही म्हणणार नाही.

घाट ओलांडून एका फाट्यावर उतरलो आणि अर्धा तास चाललो. दहा-पंधरा पावलांनी ती थांबायची, पोटावर हात ठेवायची. पाडा लागला. कारवीच्या कुडाच्या आठ झोपड्या, शेणानं सारवलेल्या, आणि माणूस नावाला नाही. कुत्रं भुंकलं तशी एका झोपडीतून एक म्हातारी बाहेर आली. तिचं नाव जनी. कधीतरी बस बंद पडली तेव्हा निर्मला तिच्याकडे पाणी प्यायला आली होती, तेव्हापासून महिन्यातला एखादा रविवार इथं यायची.

"ही कोण?" जनीनं विचारलं.

"सांगलीची आहे."

"लय लांबून आली," जनी म्हणाली आणि आत जाऊन चूल पेटवली.

तिचं सगळं बोलणं मला कळत नव्हतं. कोकणीसारखं काही त्यात मिसळलेलं. पण एवढं समजलं की भात निघाला की सगळा पाडा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातो. मुलं, सुना, नातवंडं, सगळी. होळीला येतात. मागं ही एकटी. दुपारी तिनं एका लोखंडी पाटीत निखारे घेतले आणि एकेका घरात शिरली. मला वाटलं काही देवाचं असेल. आम्ही मागोमाग गेलो. प्रत्येक चुलीत ती दोन काटक्या पेटवायची, घर धुरानं भरेपर्यंत थांबायची, मग पुढच्या घरात.

"हे कशाला?" मी विचारलं.

"धूर नाय केला तं वाळवी लागती. मानूस नसलं का घर खाया लागतं." खोकत तिनं पुढचं दार ढकललं. "सात घरं हायेत. रोज एवढंच काम."

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं पातळ वरण आणि काळी चटणी. आमच्या नाचणीला इथं नागली म्हणतात आणि कारळ्याला खुरासणी. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. निर्मलानं एक घास घेतला आणि बाकी कुत्र्याला घातला. जनीनं ते पाहिलं. परत चालताना निर्मला म्हणाली, "हिच्याशी मी कधी खोटं बोलले नाही. हिनं कधी विचारलंच नाही घरी कोण आहे."

परतीची बस आली नाही. शेवटी एका जीपमध्ये कोबीच्या पोत्यांवर बसून आलो, समोर एक शेळी माझ्या पदराचा काठ चावत होती. निर्मला हसली आणि लगेच पोट धरून वाकली. मी शेळीला ढकललं. घाट उतरेपर्यंत तिचं डोकं मी माझ्या खांद्यावर धरून ठेवलं होतं, आणि तेव्हाही माझा राग गेलेला नव्हता.

सोमवार ते गुरुवार, दवाखाना

काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढं केला. "पेशंटच्या कोण तुम्ही?"

मी क्षणभरही थांबले नाही. "बहीण."

"आडनाव वेगळं आहे?"

"लग्न झालंय माझं."

सही करताना पेन इतकं सरळ चाललं की मला माझंच नवल वाटलं. मागं उभ्या निर्मलानं काही ऐकलं नाही असं दाखवलं.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर मालेगावची एक बाई बसलेली असायची, शकिलाबी. घरी यंत्रमाग होते, जावेचं ऑपरेशन होतं. पहिल्याच दिवशी तिनं डबा उघडून नानखटाई पुढं केली आणि चौकशी सुरू केली. "बहन है? अच्छा. और आपके मियाँ नहीं आए?"

"नाशिकमेंच हैं," मी माझ्या सांगलीच्या हिंदीत म्हटलं. "सातपूर में कारखाना है. छुट्टी नहीं मिली."

"बच्चे?"

"दो."

"माशाअल्ला," ती म्हणाली आणि आणखी एक नानखटाई हातावर ठेवली. ती खाताना मला काय वाटलं ते सांगते. उबदार वाटलं. दोन मिनिटं मी कीव करण्याजोगी बाई नव्हते. अठरा वर्षं ही ऊब रोज दुपारी दोन वाजता निर्मलाला मीच देत होते, आणि ती मला. मी उठून नळावर तोंड धुवायला गेले, आणि बराच वेळ परत आले नाही.

बुधवारी सकाळी तिला आत नेलं. तीन तास लागतील म्हणाले होते. पाऊण तासात दार उघडलं. डॉक्टर तरुण होते, हातमोजे काढत मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, पोट उघडलं आणि तसंच शिवलं. सगळीकडे पसरलंय. काढण्यासारखं काही राहिलं नाही. सहा महिने, कदाचित कमी. घरी न्या, त्यांना आनंदात ठेवा. त्यांना इतक्यात सांगू नका. घरी कोण कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणाले.

शकिलाबीला न सांगताच समजलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि जावेला बोलावणं येईपर्यंत सोडला नाही.

गुरुवारी दुपारी निर्मला नीट शुद्धीवर आली. ओठ कोरडे पडलेले. मी चमच्यानं पाणी घातलं. तिनं विचारलं, "काढली का गाठ?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते माझ्या ओठांवर होतं. हो म्हणायला काहीच लागलं नसतं. आठवड्यात मी इतकं खोटं बोलले होते की आणखी एक सहज खपलं असतं. पण या बाईला माझ्याकडून उत्तर हवं होतं, घर नको होतं.

"नाही काढली. पसरलंय म्हणाले. सहा महिने. कमीसुद्धा."

सलाईनच्या नळीतून थेंब पडत होते. तिनं बरेच थेंब पाहिले. मग तिच्या गालावर किंचित काहीतरी हललं. "बरं झालं सांगितलंस. नाहीतर मला कान लावून ऐकायला लागलं असतं."

मी रडले. ती रडली नाही. तिनं मला विचारलं, "वत्सू, ते मिरजेचे शिक्षक… हयात आहेत का?"

"माहीत नाही."

"चौकशी तरी केलीस का कधी?"

"नाही."

"माझ्यामुळे," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. मीही नाही म्हटलं नाही.

वैशाखापर्यंत

टाके निघेपर्यंत तीन आठवडे मी राहिले. मग सांगलीला येऊन घर बंद केलं, बिनपगारी रजा टाकली आणि माघात परत गेले. तिला मी सांगलीला चल म्हणत होते. ती म्हणाली, "मी नाशिक आहे. सांगलीत मी कोण?"

त्या एका खोलीत आम्ही दोघी साडेतीन महिने राहिलो, आणि फार गोड राहिलो असं म्हणता येणार नाही. तिला रेडिओ मोठ्यानं लागायचा, मला तो सहन व्हायचा नाही. माझा चहा तिला पाणचट वाटायचा. मी भाकरी थापली की ती कॉटवरून म्हणायची, "ही काय ज्वारी आहे? बाजरीला असं मारायचं नसतं." एकदा मी चिडून ताट आपटलं, दोन तास कुणी बोललो नाही, आणि मग तिनं हळूच विचारलं, "दूध तापवलंस का?" कुणाशी भांडून पुन्हा त्याच खोलीत जेवायला बसायचं, हे आई गेल्यावर मी विसरूनच गेले होते. जगाला ते रोजचं असेल. मला एकोणपन्नासाव्या वर्षी ते नव्यानं करावं लागलं, आणि ते फार थोडे दिवस मिळालं.

दुखायला लागलं की ती बोलायची नाही. अंग आखडून भिंतीकडे तोंड करायची. मी पाय चेपत बसायची आणि मिलिंदचं काही सांगू का, असं एकदा विचारून पाहिलं. ती म्हणाली, "नको. ते सगळे गेले. तू आलीस त्या दिवशीच." त्यानंतर आमच्या बोलण्यात ते घर पुन्हा आलं नाही. खऱ्या गोष्टीच पुष्कळ निघाल्या. ती सातवीत असताना आई गेली होती. भावाच्या शिक्षणासाठी नोकरीला लागली होती. एकदा एक्स्चेंजमधल्या एका मेकॅनिकनं तिला विचारलं होतं आणि उत्तर द्यायला ती इतकी घाबरली की तो बदली घेऊन गेला. हे तिनं अठरा वर्षांत मला सांगितलं नव्हतं, कारण 'ह्यां'च्या घरात त्याला जागाच नव्हती.

वैशाखात एका सकाळी, मी स्टोव्हला पिन मारत असताना, तिचा श्वास थांबला. मी वळून पाहीपर्यंत झालं होतं. भावाला तार केली. उत्तर आलं नाही. एक्स्चेंजमधल्या बायका आल्या, त्यांच्या घरची पुरुषमाणसं आली, आणि सगळं रीतीप्रमाणे झालं.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन मी एकटीच रामकुंडावर गेले. उन्हानं दगड तापले होते. कडेला छत्रीखाली बसलेल्या गुरुजींनी माझ्या मागं पाहिलं, पुरुषमाणूस दिसतो का ते. मी म्हटलं, "कोणी नाही. मीच आहे." मग त्यांनी दर्भ पुढं केला. "या, बसा. गेलेल्यांचं नाव?"

"निर्मला."

"गोत्र?"

मला माहीत नव्हतं. इतकं बोललो, हे कधी निघालं नव्हतं.

"बरं, तुमचं नाव आणि गोत्र सांगा."

"वत्सला. गोत्र मला कुणी सांगितलंच नाही. पोरीची जात, लग्न झाल्यावर बदलणारच, म्हणून घरात ते भावालाच शिकवलं. मग लग्न झालं नाही."

गुरुजींनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ते म्हणाले, "काही हरकत नाही बाई. ज्यांना गोत्र माहीत नाही त्यांनी काश्यप म्हणायचं. शास्त्रच आहे तसं. म्हणा, काश्यप गोत्र, निर्मला."

मी म्हटलं.

"आता तुमचं."

"काश्यप गोत्र," मी म्हणाले, "वत्सला." आणि पुढं होऊन पाण्यात उतरले.